कापलेला समास

मुनीबभाईंचं दुकान बुढीलेनच्या तोंडाशी होतं. आठ बाय सहाची खोली, भिंतीला लावलेला, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कोपऱ्यात हाताच्या चाकाची कटिंग मशीन आणि मोरचूद घातलेल्या खळीचा तो आंबूस वास. विद्यापीठात पीएच.डी. करणारी पोरं आपले प्रबंध त्यांच्याकडून बांधून घ्यायची. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. माझ्या धाकट्या भावाचा प्रबंधही त्यांनीच बांधला होता. आमची ओळख तेव्हाची, म्हणजे तीसेक वर्षांची.

पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवायचं काम त्यांची बायको शहजादी करायची. दुकानाच्या आतल्या बाजूला पडदा होता, त्याच्यामागं ती बसायची. मुनीबभाई इकडून जुडगा सरकवायचे, ती तिकडून शिवलेला सरकवायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर पडदा तसाच राहिला. एकदा मी दुकानात बसलो असताना मुनीबभाई हातातलं काम न थांबवता म्हणाले, "जरा दोरा दे." आणि मग स्वतःच उठून पडद्यामागं गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मुलगी आमरीन मालेगावला. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. "अब्बा, इकडं या." "येतो," म्हणायचे. किराडपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. प्रबंध आता संगणकावरून पाठवतात, ज्यांना छापील प्रत लागते त्यांना झेरॉक्सवालाच बांधून देतो. त्यामुळं दिवसभरात मुनीबभाईंच्या दुकानाची पायरी कोणी चढलंच, तर पत्ता विचारायला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात रस्ता रुंद होणार म्हणून भिंतींवर लाल खुणा झाल्या. मुनीबभाईंच्या दुकानाची खूण शिकंज्याच्याही मागं होती. म्हणजे सगळंच जाणार होतं. त्यांनी फारशी हळहळ केली नाही. एक मात्र मनावर घेतलं. लोकांनी बांधायला टाकलेली आणि पुन्हा कधीच न नेलेली पुस्तकं एका फळीवर साचली होती, ती ज्याची त्याला पोचवायची. प्रबंध होते, कुराणाच्या दोन प्रती होत्या, एका भजनी मंडळाची वही होती, कुणाच्या तरी वडिलांनी लिहिलेलं कुळाचं टिपण होतं. सत्तर वर्षांचा माणूस भर उन्हात सिडकोपासून चिकलठाण्यापर्यंत घरं शोधत फिरला. काहींनी पुस्तक घेतलं, काहींनी दारातूनच सांगितलं, आता नको. महिनाभरात फळी रिकामी झाली. एकच पुस्तक उरलं.

ते घेऊन ते माझ्याकडं आले.

मी बद्रीनाथ. तीस वर्षं जमिनीच्या जुन्या कागदांत काढली, त्यामुळं मोडी वाचता येते. निवृत्त झाल्यावर कोणी विचारत नव्हतं, पण कुणबी नोंदी शोधायची लाट आली आणि माझ्या दाराशी चपलांचा ढीग पडायला लागला. त्या गर्दीत मुनीबभाई एका कडेला तासभर बसून राहिले. सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं.

"बद्रीभाऊ, शेवटच्या पानावर चार ओळी आहेत. मोडीच असणार. तेवढ्या वाचून द्या."

जाड, पिवळसर, हातानं केलेला कागद. आत फारसी, लाल-काळ्या शाईत. मधूनमधून घोड्यांची चित्रं, पायांना, पोटाला, दातांना खुणा केलेल्या. कुठं कुठं तेलाचे डाग. मी शेवटचं पान उजेडात धरलं. ओळी घाईत लिहिलेल्या, पण स्पष्ट होत्या. "पुस्तक पागेचें. ज्यास पाहिजे त्याणें न्यावें. घोडें बरें जालियावरी परत आणून ठेवावें."

मुनीबभाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "परत आणून ठेवावं, असंच लिहिलंय?"

"असंच."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि पाणीही न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यानंतर दीड महिना, लोकांची गर्दी ओसरली की दुपारी तीनच्या सुमाराला, ते येत राहिले. मदरशात शिकलेली फारसी त्यांना अडखळत येत होती, उर्दू चांगली. मोडी माझ्याकडं. दोघं मिळून आम्ही ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत उकललं, आणि औषधांपेक्षा जास्त आम्हाला सापडली ती माणसं.

पुस्तक लिहिलं गेलं हिजरी १२०१ मध्ये, म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून जुनं. नकल करणाऱ्यानं शेवटी स्वतःचं नाव घातलं होतं, अब्दुल नबी, आणि बेगमपुऱ्याजवळच्या एका पागेसाठी लिहिलं असं म्हटलं होतं. पागा म्हणजे घोडदळाचा तबेला. तिथल्या कारकुनाच्या त्या मोडीतल्या ओळी. पुढं पागा मोडली असावी, कारण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कोणाचंच अक्षर नाही. मग एकदम उर्दू सुरू होते. छावणीत मदार साहेब म्हणून घोड्यांचे वैद्य होते, सालोत्री म्हणायचे त्यांना. कुठलं औषध लागू पडलं, कुठलं नाही, हे ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहायचे. एका पानावर औषधाचं काही नव्हतं. मुनीबभाईंनी ते मला मराठीत सांगितलं. "माझा मुलगा रेल्वेत लागला. त्याला घोड्याचा वास सहन होत नाही. पुस्तक गणू मोतद्दाराला दिलं. त्याला वाचता येत नाही, पण घोडं कळतं."

मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा ठेवणारा. या गणूचं अक्षर पुस्तकात कुठंच नाही. त्याचा अंगठा आहे. जे औषध त्याला गुण देऊन गेलं त्या पानाच्या कोपऱ्यात तेलानं काळा झालेला अंगठा उमटवलेला. मदार साहेबांनी त्याला पानं तोंडी समजावली असणार आणि त्यानं चित्रांवरून लक्षात ठेवली असणार.

गणूचा नातू कोंडिबा. तो स्टेशनावर टांगा हाकायचा. मोठेपणी अक्षरं शिकला, आणि मग पानांच्या बाजूच्या मोकळ्या समासात बाळबोधीत लिहायला लागला. आतलं फारसी त्याला वाचता येत नव्हतं. आज्याचा अंगठा बघायचा आणि आज्यानं तोंडानं सांगितलेलं शेजारी उतरवायचा. "या पानावरचं औषध आजा पोट फुगल्यावर द्यायचा. हिंग, जुना गूळ." मुनीबभाई फारसीशी ताडून बघायचे. बहुतेक ठिकाणी बरोबर असायचं. एके ठिकाणी खुरांचं औषध डोळ्याला लिहिलं होतं, तिथं ते हसले. त्या दीड महिन्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

पुढं पुढं कोंडिबा औषधं सोडून रोजचंही लिहायला लागला होता. घोडी कधी व्याली, कुठं ठेचकाळली, कोणत्या दिवशी पावसात स्टेशनावर उभं राहून ताप आला. पण त्याच्या ओळी पुऱ्या होत नव्हत्या. वाचता वाचता पानाची कड यायची आणि शब्द अर्धवट राहायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याला जागेचा अंदाज नसेल.

याच दिवसांत मोनिका नावाची एक मुलगी मुनीबभाईंच्या दुकानात आली. शहरातल्या एका ग्रंथालयात ती जुन्या हस्तलिखितांची नोंद करायची. दुकानं पडणार म्हणून जुने कागद कुठं कुठं निघतील, ते बघत फिरत होती. तिनं घोड्याचं पुस्तक बघितलं आणि जमिनीवरच बसली.

"चाचा, अशी फारसी पुस्तकं आहेत बऱ्याच ठिकाणी," ती म्हणाली, "पण ती राजेलोकांच्या कपाटात पडून राहिलेली. हे दोनशे वर्षं वापरात आहे. चार माणसांनी तीन लिपींमध्ये, आणि एकानं अंगठ्यानं, एकाच पुस्तकात भर घातलीय. असं मी दुसरं बघितलं नाही. हे कुणाकडून कुणाकडं गेलं ते सगळं लिहून ठेवायला पाहिजे. तुमच्याकडं कसं आलं?"

"गिऱ्हाईक बांधायला टाकून गेलं. परत आलंच नाही."

"मग ते तुमचंच झालं. ग्रंथालयाला द्या. नीट राहील."

मुनीबभाई म्हणाले, विचार करतो. पण तिला सगळ्या पानांचे फोटो काढू दिले. ती तीन दिवस येऊन काढत होती.

त्या शुक्रवारी ते माझ्याकडं आले तेव्हा बाहेर उकाडा होता आणि घरात माझी नातवंडं दंगा करत होती. मी मागच्या पडवीत त्यांना नेलं.

"बद्रीभाऊ, गिऱ्हाईक आलं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, फकिरा गोरडे नावाचा साठीचा माणूस पुस्तक घेऊन आला. कोंडिबाचा मुलगा. तोही टांगाच हाकायचा. रिक्षा वाढल्या, घोडी विकली आणि तो बायकोच्या गावी लासूरला राहायला गेला. पुस्तकाची पानं सुटायला लागली होती. तो म्हणाला, "घोडं गेलं, हे तरी राहू द्या. माझ्या बापाचं अक्षर हाय यात."

मार्च म्हणजे प्रबंधांचा हंगाम. दुकानात चाळीस प्रबंध पडलेले. शहजादीनं पुस्तक सुरेख शिवून दिलं. मुनीबभाईंनी ते प्रबंधांच्या चळतीबरोबर मशीनखाली ठेवलं आणि तिन्ही कडा कापल्या. पातं उतरल्यावर खाली कतरण पडली, तिच्यावर निळी शाई दिसली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. कोंडिबा समासात अगदी कडेपर्यंत लिहायचा. प्रत्येक ओळीचं शेपूट गेलं होतं. कतरणीचं पोतं त्याच संध्याकाळी रद्दीवाला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मुनीबभाई त्याच्या गोदामात जाऊन बघून आले. तिथं डोंगर होता.

"तिसऱ्या दिवशी तो आला," मुनीबभाई म्हणाले. "मी काही बोललो नाही. म्हटलं, बघू, कदाचित कळायचं नाही. त्यानं पुस्तक उघडलं. एक पान शोधलं. त्या पानाच्या कडेवरून बोट फिरवलं, वरून खाली. मग म्हणाला, शिवण चांगली झाली. मी अजून गप्प. तो म्हणाला, राहू द्या इथंच, नंतर नेतो. रागावला असता तर बरं झालं असतं, भाऊ. पायऱ्या उतरून गेला आणि परत आला नाही."

"पत्ता नव्हता?"

"पुठ्ठ्याच्या आत त्यानंच लिहिलेला आहे. फकिरा कोंडिबा गोरडे, लासूर ठेसन, मालधक्क्यामागं. कुठल्याही रविवारी जाऊन आलो असतो. तासाभराची गाडी. शहजादीला पण सांगितलं नव्हतं. तिनं शिवलेलं होतं ना."

मी म्हणालो, "आता तरी जा."

"जायचंच आहे. पण असं नेऊ कसं?"

त्यांच्या मनात होतं की आम्ही दोघांनी मिळून तुटलेले शब्द भरावेत. औषधांची वाक्यं ठरलेली असतात, अंदाज येतो. मी नको म्हणालो. सरकारी कागदात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एकच गोष्ट पक्की माहीत असते. जे दिसत नाही ते लिहायचं नाही. त्यांना ते पटलं. मग त्यांनी दुसरं केलं. शिवण उसवली, जुन्या कागदाशी जुळेल असा कागद शोधून आणला, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक कापलेल्या कडेला खळीनं एक एक कोरी पट्टी जोडली. एकशे बारा पानं. एका दिवसात पाच-सहाच व्हायची. मग पुन्हा शिवलं. दुकानातलं ते शेवटचं काम. मशीन त्यांनी आधीच भंगारात दिली होती.

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं ते लासूरला गेले. मी बरोबर येऊ का विचारलं. नको म्हणाले. तिथं जे झालं ते त्यांनी मला नंतर थोडं थोडं करून सांगितलं, दोन-तीन दिवसांत.

दौलताबाद, पोटूळ, लासूर. मालधक्क्यामागं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे. फकिरा बारा वर्षांपूर्वीच वारला होता, हे पहिल्याच घरात कळलं. त्याची बायको केसरबाई शेवटच्या खोलीत एकटी होती. पंच्याहत्तरी उलटलेली, ताठ बसणारी बाई, समोर सुपात मठ निवडत होती. मुनीबभाईंनी नाव सांगितलं, दुकान सांगितलं आणि पुस्तक तिच्यापुढं ठेवलं.

तिनं हात पदराला पुसले. पुठ्ठ्यावरून फिरवले.

"एकोणीस वर्सं लागली व्हय भाऊ तुम्हाला?" ती म्हणाली.

मुनीबभाईंना कळलं नाही.

"मालक दर खेपंला शहरात जायचे. मी इचारायचे, आणलं का पुस्तक? ते म्हनायचे, झालं नाय अजून. लई काम हाय त्या मानसाकडं. मरायच्या आदल्या साली पन हेच. मी म्हनलं, असा कसा हळू मानूस असंल."

मुनीबभाई मला म्हणाले, तेव्हाच मी तिला सांगायला पाहिजे होतं. पण तोंड उघडलं नाही. केसरबाईनं पाणी दिलं, चहा ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. फकिरा तिला संध्याकाळी बापाचं लिहिलेलं वाचून दाखवायचा, आणि घोडी विकल्यावर तर रोजच.

"चाबकाचं वाचा," ती म्हणाली.

"कुठलं?"

"घोडीचं चित्र हाय, मान वाकडी केलेलं. त्याच्या शेजारी."

मुनीबभाईंनी ते पान काढलं. दीड महिन्यात ते त्यांनी कितीदा वाचलं होतं. त्यांनी वाचलं, "आज फकिराला चाबकानं मारलं. घोडी त्यानं सोडली." आणि थांबले. कोंडिबाची ओळ तिथंच संपत होती. पुढं त्यांची स्वतःची कोरी पट्टी.

"पुढं?"

"पुढं नाही."

"पुढं हाय," केसरबाई म्हणाली. "नीट बघा."

तेव्हा मुनीबभाईंनी सांगितलं. मशीन, पातं, कतरण, रद्दीवाला. फकिरा तिसऱ्या दिवशी आला होता हे. त्यानं याच पानावरून बोट फिरवलं होतं हे. पुस्तक एकोणीस वर्षांपूर्वीच तयार होतं हे.

केसरबाई ऐकत राहिली. चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला, तरी ती उठली नाही. शेवटी म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं नाय, म्हंजे त्यांना सांगायचं नव्हतं. मग आता तुम्ही कशाला सांगितलं?"

"खरं बोललो की बरं वाटतं असं आपण ऐकतो," हे मला सांगताना ते म्हणाले. "मला वाटलं. तिला नाही वाटलं. तिच्या नवऱ्याचं एवढं दुःख तिला आज कळलं आणि तो बारा वर्षांपूर्वी गेलेला. ती आता त्याला काय विचारणार?"

ते तिथून उठायला लागले. तेव्हा केसरबाई बोलली, त्यांच्याकडं न बघता, पाठ केलेलं म्हणावं तसं.

"घोडी त्यानं सोडली नव्हती. मला मागून कळलं. पोराला बोललो नाय."

मग तिनं सांगितलं. फकिरा बारा वर्षांचा असताना स्टेशनावरून घोडी सुटून गेली. कोंडिबानं पोराला साऱ्या टांगेवाल्यांसमोर फोडून काढलं. घोडी दुसऱ्यानंच सोडली होती. बाप त्यावर जन्मभर एक शब्द बोलला नाही. तो मेल्यावर फकिरानं पुस्तक चाळलं, तेव्हा त्याला समासात ती ओळ सापडली, आणि अगदी कडेला, उभ्या ओळीत मागाहून जोडलेलं पुढचं. "तेवढंच त्यांना बापाकडून मिळालं व्हतं," केसरबाई म्हणाली.

"लिहा तिथं," ती म्हणाली.

मुनीबभाईंनी खिशातली पेन्सिल काढली. कोऱ्या पट्टीवर, बारीक अक्षरात, तिनं सांगितलं तसं लिहिलं. "नव्हती. मला मागून कळलं. पोराला बोललो नाय." शाईनं नाही. माझं म्हणणं त्यांच्या लक्षात होतं. ते कोंडिबाचं अक्षर नव्हतं, ते कोणी समजू नये म्हणून पेन्सिल.

मग ते पहिल्या पानापासून वाचायला बसले. जिथं ओळ तुटायची तिथं केसरबाईला आठवलं तर ती सांगायची. बहुतेकदा आठवायचं नाही. एकदा तिनं सांगितलेलं फारसीशी जुळेना, तेव्हा मुनीबभाईंनी लिहिलं नाही आणि तिलाही तसं सांगितलं. ती म्हणाली, बरोबर हाय, मी त्या वेळी भाकऱ्या करत असंन. संध्याकाळच्या गाडीपर्यंत नऊ ओळी पुऱ्या झाल्या. बाकी पट्ट्या कोऱ्याच राहिल्या.

मोनिकाचं नाव त्यांनी काढलं. पुस्तक किती दुर्मीळ आहे, ग्रंथालयात कसं राहील, ते सांगितलं. केसरबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "मी हाय तोवर इथं," ती म्हणाली. "मग त्या पोरीला द्या."

मोनिकाला हे मीच सांगितलं, कारण मुनीबभाईंना तिला नाही म्हणवत नव्हतं. ती खट्टू झाली. पत्र्याच्या खोलीत, उंदरांत, दमटात, असं काहीतरी म्हणाली. पण फोटो तिच्याकडं होते, आणि तिनं त्यांच्यावरून नोंद तयार केली. पुस्तक कुणी लिहिलं, कोणाकडून कोणाकडं गेलं, सगळी साखळी. मुनीबभाईंना दाखवायला आणली तेव्हा मी तिथं होतो. त्यात शेवटून दुसरं नाव त्यांचं होतं. "२००६ ते २०२५, मुनीब जिल्दसाज (पुस्तकं बांधणारे) यांच्या ताब्यात. त्यांनी ग्रंथाचं जतन केलं."

त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे काढा," म्हणाले. "असं लिहा. तिन्ही कडा कापल्या गेल्या, त्यामुळं समासातला मजकूर तुटला. कापणारा मुनीब, बुढीलेन. मार्च २००६."

"चाचा, नोंदीत असं नाव घालून कोणी लिहीत नाही."

"बाकी सगळ्यांची नावं आहेत ना? गणूचा अंगठासुद्धा आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. शेवटी तिनं लिहिलं.

दुकान सप्टेंबरात पडलं. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो, पण मुनीबभाई तिथं नव्हते. नंतर विचारलं तर म्हणाले, घरीच होतो, पडद्याचं कापड धुवायला काढलं होतं. शिकंजा त्यांनी घरी नेला आणि खोलीत ठेवला. त्यात आता दाबायला काही नसतं.

महिन्यातून एकदा ते लासूरला जायचे. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे. केसरबाई वाचून घ्यायची. पहिल्या दिवसाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही. मला वाटायचं, दोघांत काहीतरी बरं झालं असेल. एकदा तसं म्हणालो. मुनीबभाई म्हणाले, "तसं काही नाही, भाऊ. ती मला बसा म्हणते, चहा देते. माफ केलं असं कधी म्हणाली नाही. मी मागितलं पण नाही. पण कोणीतरी माझी वाट बघतं, गुरुवारी. एवढं आहे."

मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. माझं घर माणसांनी भरलेलं आहे. त्या दिवशी ते गेल्यावर मला सुचलं की, शहजादी गेल्यापासून मी या माणसाला एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं. पुढच्या रविवारी बोलावलं. आले, पोटभर जेवले, नातवंडांशी चार शब्द बोलले आणि पान न खाता लवकर उठले.

जानेवारीत केसरबाईचा पाय घसरला. मोडलं नाही, पण एकटीनं राहणं अवघड झालं. बिडकीनला तिची मुलगी असते, सुरेखा, तिनं आईला तिकडं नेलं. पुस्तकही गेलं. मुनीबभाई एका गुरुवारी लासूरला जाऊन, कुलूप बघून परत आले. शेजाऱ्यांकडून बिडकीनचा पत्ता आणला आणि पुढच्या महिन्यात एसटीनं तिकडं गेले.

परत आल्यावर स्टँडवरून थेट माझ्याकडं आले. दिवस अजून होता. मी विचारलं, कशी आहे केसरबाई?

"बरी आहे. लेकीचं घर चांगलं आहे. पुस्तक कपाटात, फडक्यात बांधून ठेवलंय."

"वाचलंत?"

"नाही," ते म्हणाले. "सुरेखाची मुलगी आहे, श्रेया, आठवीत. तीच रोज वाचून दाखवते आजीला. कोंडिबाचं सगळं अक्षर तिला लागतं. माझ्यासमोर वाचलं तिनं. चांगलं वाचते. माझ्यापेक्षा मोठ्यानं वाचते. म्हातारीला आता कमी ऐकू येतं ना."

मी चहा मागवला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"मग पुढच्या महिन्यात?" मी विचारलं.

"आता तिथं माझं काय काम?" ते म्हणाले.

चहा संपवून ते उठले. शुक्रवार उद्याच होता, आमरीनचा फोन येणार होता, तो चुकायला नको, दुरुस्तीला टाकलेला मोबाइल घ्यायचाय, असं म्हणाले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथून ते किराडपुऱ्याच्या दिशेनं, कडेकडेनं, चालत गेले.